चंद्रावतीचा होकार

चंद्रावती गिरप कुठल्याही गोष्टीला आधी 'नाय' म्हणायची. स्वभाव म्हणा, खोड म्हणा, नाहीतर मालवणातल्या दांडी किनाऱ्यावरच्या बायका म्हणायच्या तसं 'शिरोड्याचा पाणी' म्हणा. सहदेव आईबापांना घेऊन तिला बघायला शिरोड्याला गेला, तेव्हा त्याच्या आईने कौतुकाने विचारलं, "गो चेडवा, आमचो झील पसंत आसा मां?" तर ही म्हणाली, "नाय." सगळे गार. पोह्यांचा चमचा सासऱ्याच्या तोंडाशीच थांबला. मग म्हणाली, "अजून नीट बघूक नाय. तुम्हीच माका मान खाली घालून बसवलास." आणि मान वर करून तिने सहदेवला बाजारात सुरमई बघतात तसं डोळे-बिळे तपासून बघून घेतलं. लग्न जमलं, पण 'होय' हा शब्द त्या दिवशीही कोणाला ऐकू आला नाही. ती नुसतं "चलात", म्हणजे चालेल, म्हणाली.

मासे विकायला बसली तरी तेच. गिऱ्हाईकाने "ताजो आसा मां?" विचारलं की ही म्हणणार, "नाय, गेल्या शिमग्यातलो आसा. होयो तर घे." समोर बांगडा उड्या मारतोय आणि ही असं बोलतेय. गिऱ्हाईक हसायचं आणि मुकाट घेऊन जायचं. तिच्या टोपलीतलं काही उरलंय असं कधी झालं नाही.

सहदेवचं काम पाण्याखालचं. कोणाचं जाळं खडपात अडकलं, कोणाचा नांगर रुतला, की सहदेवला हाक. बाकीच्या वेळी खडपातल्या बिळांतून शेवंड, म्हणजे लॉब्स्टर, काढायचा. अठ्ठ्याण्णव साली त्याने होडीवर कॉम्प्रेसर बसवला, गाडीच्या चाकात हवा भरतात तोच. त्याला लांबलचक नळी. नळीचं टोक दातात धरायचं आणि जायचं खाली. वर होडीत एकाने नळी सांभाळायची, ती मुरगळू द्यायची नाही, कॉम्प्रेसर बंद पडू द्यायचा नाही. हे काम धोंडू करायचा. धोंडूला गोव्यात हॉटेलात नोकरी लागली आणि तो एका सकाळी न सांगता गेला. मग नळी कोण धरणार?

"मी धरतलंय," चंद्रावती म्हणाली.

बंदरावर बोंब झाली. बायको होडीत! दर्या रागावेल, जाळी रिकामी येतील, काय नि काय. दोघे-चौघे जाणते घरी समजवायला आले. चंद्रावतीने त्यांना चहा दिला आणि म्हणाली, "माज्या घोवाचो श्वास मी धरतलंय. तेच्यात तुमच्या बापाशीचा काय जाता?" जाणत्यांनी चहा संपवला आणि गेले. दर्या काही रागावला नाही. त्यालाही ऐकून घ्यायची सवय झाली असावी.

चंद्रावती पोहायला कधी शिकली नाही, पण बुडबुडे वाचायला शिकली. बारीक बारीक, भराभर आले की सहदेव काहीतरी ओढतोय. थांबले की शेवंडाच्या बिळाशी दम धरून बसलाय. एकदम भला मोठा घोस वर आला की हात कापला असणार आणि शेवंडाच्या आईचा उद्धार चाललाय. मध्येच ती वरून नळीला हिसका द्यायची आणि पाण्याकडे बघून ओरडायची, "मेल्या, खंय मेलंस?" खालून लगेच उलटा हिसका यायचा. बायकोची शिवी फुकट जाऊ देणं सहदेवच्या रक्तात नव्हतं. तोंडात नळी असली तर पंजा उघडून दाखवायचा, आणि त्या पंजाचा अर्थ साऱ्या बंदराला माहीत होता.

कॉम्प्रेसर म्हणजे काही देवमाणूस नव्हे, हेही चंद्रावतीला पक्कं ठाऊक होतं. वारा फिरला की पेट्रोलचा धूर नळीत जायचा आणि सहदेव वर येऊन ओकायचा. शेजारचा बाबली एकदा हावरेपणाने फार खोल गेला, फार वेळ राहिला आणि घाईने वर आला. होडीत हसत हसत चढला आणि चहा पिता पिता त्याचे पाय गेले. आता पडवीत बसून जाळी विणतो. सहदेवचे गुडघेही थंडीत ठणकायला लागले होते. चंद्रावती खोबरेल चोळायची, चोळता चोळता शिव्या द्यायची, आणि सहदेव उताणा पडून एकेका शिवीला जाब द्यायचा. त्यांचं बरं चाललं होतं.

आणि दोन हजार पाचच्या दिवाळीनंतर भाई आला.

भाई म्हणजे सहदेवचा मावसभाऊ. आखातात तेलाच्या विहिरींवर पाणबुड्याचं काम करून परतला, तो एक पोट आणि एक पेटी घेऊन. पोट सगळ्यांना आल्या आल्या दिसलं. पेटी त्याने पडवीत चार माणसं जमल्यावर उघडली. आत पाठीला बांधायचं एक धूड, दोन लहान बाटले, गळ्याभोवती यायच्या दोन जाड नळ्या, मनगटावर बांधायचा एक डबा.

"हेका म्हणतत रीब्रीदर," भाई म्हणाला. "आपण सोडलेलो श्वास ही मशीन बाहेर जाऊक देणा नाय. चुन्याच्या गोळ्यांतसून गाळता, आपण खाल्लेलो ऑक्सिजन परत भरता, आणि आपल्याकच देता."

"म्हणजे उष्टो श्वास," चंद्रावती म्हणाली.

"उष्टो नाय गो, गाळलेलो."

"गाळल्यान म्हणान उष्ट्याचा ताजा होता काय?"

भाईने तिचा नाद सोडला आणि सहदेवकडे वळला. मुंबईहून योगिनी नावाची एक बाई येणार होती, पाण्याखाली माशांचं चित्रीकरण करायला. ती वरून तरंगत कॅमेरा धरणार, पण खडपात शिरून मासे कुठे बसतात ते दाखवायला तिला इथला माणूस हवा होता. अडचण एकच. बुडबुडे आले की मासे पळतात. ह्या मशीनला बुडबुडे नाहीत. सबंध हंगामाचं काम होतं, जमलं तर पुढच्या वर्षीही.

सहदेवचे डोळे चमकले. आयुष्यभर त्याने माशांची शेपटंच जास्त बघितली होती. "म्हणजे गोबरो मासो माज्या तोंडासमोर उभो ऱ्हवात?"

"तुजी विचारपूस करीत."

"बुडबुडे येवचेच नाय?" चंद्रावतीने विचारलं.

"एक सुद्धा नाय," भाई अभिमानाने म्हणाला.

"मगे ह्यो जिवंत आसा ता माका कसा कळतला?"

भाई थोडा खाकरला आणि म्हणाला, "घड्याळ बघायचा."

"घड्याळ माका सांगता, हेका जावन किती वेळ झालो. हेचा काय झाला ता सांगता?"

पुढचे दिवस त्या घरात ह्याच विषयावर वाद चालला. भाई वाईट माणूस नव्हता, विचारलं तर सगळं खरं सांगायचा. चुन्यात पाणी गेलं तर तोंडात जळजळीत रस येतो. चुना जुना झाला तर डोकं फिरतं. ऑक्सिजन जास्त झाला तर झटके येतात.

"आणि कमी झालो तर?"

"झोप लागता."

"मगे?"

"मगे काय नाय," भाई म्हणाला. त्या 'काय नाय'चा अर्थ सगळ्यांना कळला.

"आणि ह्या सगळ्यात बरा काय?"

"मासे पळणत नाय."

"आवशीचो घो!" चंद्रावती म्हणाली. "माशांनी पळू नये म्हणान माज्या घोवान मरूचा?"

पण सहदेवनेही हट्ट धरला. एरवी तो असा भांडत नसे. म्हणाला, "आणि कॉम्प्रेसरवर मी अमर आसंय? तो धूर खावन, बाबल्यासारखो पाय घालवन बसलंय तर? ही मशीन हळू चलता, मी पाच-सहा वावांत, उथळ पाण्यातच ऱ्हवतलंय. भाई शिकवता. माका एकदा तरी मासे बघूचे आसत गो, मारूचे नाय, नुसते बघूचे." हे ऐकून चंद्रावती जरा अडखळली. नवऱ्याला नुसते मासे बघायचे आहेत हे तिला इतक्या वर्षांत कधी कळलं नव्हतं, आणि ते कळल्याचा तिला रागही आला.

शेवटी ती देवीच्या देवळात कौल लावायला गेली. गुरवाने देवीच्या अंगावर पाण्याने फुलांचे कळे चिकटवले आणि गाऱ्हाणं घातलं. चिकटवतो न चिकटवतो तोच उजव्या बाजूचा कळा पडला. म्हणजे जाऊ दे. "परत लाव," चंद्रावती म्हणाली. परत उजवाच. "आणखी एकदा." गुरव म्हणाला, "अगो, देवी रागावतली."

"देवीचा काय जाता? ती थोडीच पाण्यात उतरता!" असं म्हणून तिने चपला घातल्या, आणि मग देवळाबाहेरूनच हात जोडून माफीही मागितली. घरी येऊन सहदेवला म्हणाली, "चलात."

शिकवणी सुरू झाली. भाईकडे प्लास्टिकमध्ये घातलेला एक इंग्रजी कागद होता. पाण्यात उतरण्याआधी त्यावरचं एकेक वाचायचं, एकेक वस्तू हाताने तपासायची. भाई वाचायला लागला की सहदेवला जांभया. चौथ्या ओळीला तो समोरच्या होडीतल्या माणसाशी गजाली करायचा. भाई वैतागला. तेव्हा सहदेवनेच शक्कल काढली. "भाई, तू गाऱ्हाणां घाल. मगे माज्या ध्यानात ऱ्हवतला."

गाऱ्हाणं इथल्या पोरासोरांच्या रक्तात असतं. जाणता माणूस देवापुढे उभा राहून एकेक मागणं मांडतो आणि जमलेली माणसं प्रत्येक मागण्याला एकसुरात 'व्हय म्हाराजा' म्हणतात. तर भाई होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेवर उभा राहिला, पोट पुढे, हात जोडलेले, आणि घातलं की हो त्याने गाऱ्हाणं!

"बा दर्याच्या राजा, आज ह्यो तुजो लेकरू सहदेव तुज्या पोटात येता!"

"व्हय म्हाराजा!"

"तेच्या डब्यातलो चुनो ताजो आसा!"

"व्हय म्हाराजा!"

"तेच्या ऑक्सिजनच्या बाटल्याचो कान उघडलेलो आसा!"

"व्हय म्हाराजा!"

"तेचे पट्टे घट आसत, तेच्या मनगटारचो डबो चालू आसा, आणि तेच्या बायलेचा तोंड बंद आसा!"

"व्हय म्हाराजा!" हे तर बाजूच्या तिन्ही होड्यांतून आलं.

सहदेवला सगळं पाठ झालं. योगिनी मुंबईहून आली, तिला तर हे इतकं आवडलं की ती टाळ्या वाजवायची. पहिले काही दिवस सगळे 'व्हय' म्हणत असताना सहदेव खरंच बाटल्याचा कान, म्हणजे त्याची चावी, पिळून बघायचा, डबा चाचपायचा. चंद्रावती गप्प बसून त्याचे हात बघायची. ती त्या कोरसात सामील झाली नाही. मशीन गुणाने चालत होती. पाण्यावर एक बुडबुडा नसायचा, आणि चंद्रावती ओठ दाबून त्या सपाट पाण्याकडे बघत राहायची. सहदेव वर आला की तिचा श्वास सुटायचा आणि पाठोपाठ शिव्याही. सहदेव मात्र वर येऊन बोलायचाच नाही, हसायचा आणि गोबऱ्याने आपल्याकडे कसं तोंड वासून बघितलं ते करून दाखवायचा.

दिवसामागून दिवस बरे गेले की माणूस सावधपणा सोडतो. गाऱ्हाण्याची लय वाढली, हात मात्र हलेनासे झाले. बाटल्याचा कान भाई घरूनच उघडून आणायचा, मग तपासायचं काय?

त्या दिवशी ऑक्सिजनचा बाटला गोव्याहून नवा भरून आला होता. भाईने तो होडीतच जोडला. जोडता जोडता तो योगिनीला आखातातल्या एका शार्कची गोष्ट सांगत होता, आणि शार्क दर खेपेला वीतभर वाढत असल्यामुळे गोष्टीला वेळ लागत होता. बाटला बसला. कान उघडायचा राहिला.

मग गाऱ्हाणं. पाणी निवळशंख होतं, सगळे खुशीत होते. "बाटल्याचो कान उघडलेलो आसा!" भाई गरजला. सहदेवने सुटू लागलेले हात परत जोडले, मान डोलावली, आणि "व्हय म्हाराजा!" म्हणणाऱ्यांत त्या दिवशी चंद्रावतीचाही आवाज होता. कसा आला कोण जाणे. लहानपणापासून देवळात उभं राहून घशात बसलेला शब्द, आपसूक निघाला.

उतरण्याआधी थोडा वेळ मशीन लावून होडीच्या काठावर बसायचं, असा भाईचा नियम होता. तेवढा नियम तरी सगळ्यांनी पाळला, त्याबद्दल दर्याला नारळ द्यावेत तितके थोडे. सहदेव चष्मा चढवून, तोंडात नळी धरून काठावर बसला. मनगटावरच्या डब्यात लाल दिवा लुकलुकत होता. सहदेवला वाटलं, मशीन चालू आहे त्याचाच दिवा. भाई योगिनीच्या कॅमेऱ्याची दोरी सोडवत होता. चंद्रावतीला आठवलं की सकाळी कोंबड्यांच्या खुराड्याचं दार उघडं राहिलंय.

"शिरा पडो तुज्या तोंडार!" तिने सुरुवात केली. "खुराड्याचा दार कोणी लावचा? माज्या बापाशीन? मुंगूस येवन सगळी कोंबडी खातलो, मगे बस चिकन चिकन करत!"

सहदेवने पंजा दाखवला नाही.

"बहिरो झालंस काय रे?"

सहदेवने तिच्याकडे बघितलं. चष्म्याआड त्याचे डोळे हसत होते. इतके प्रेमाने हसत होते की चंद्रावतीच्या अंगावर काटा आला. लग्नात अंतरपाट दूर झाला तेव्हाही हा माणूस असा हसला नव्हता.

"सहदेवा," ती म्हणाली. नाव घेऊन ती त्याला कधीच हाक मारत नसे. "सहदेवा, शिवी दिलंय मी तुका. ऐकलंस मरे?"

तो हसतच होता. नळीभोवतीचे त्याचे ओठ पिकल्या जांभळाच्या रंगाचे झाले होते. चंद्रावती कॅमेऱ्याची पिशवी तुडवत गेली, दोन्ही हातांनी नळी धरून त्याच्या तोंडातून उपसली आणि खाडकन् मुस्कटात मारली. तो मागे जाळ्यांवर कोसळला.

"अगो, मशीन! ह्या काय करतंस?" भाई ओरडला.

"श्वास घे!" चंद्रावती सहदेवच्या छातीवर बुक्के मारत होती. "घे रे मेल्या, घे!"

सहदेवने भाता ओढावा तसा मोठा श्वास ओढला. मग आणखी एक. ओठ हळूहळू माणसाच्या रंगावर आले. भाईने मनगटावरचा डबा बघितला, मग बाटल्याच्या कानाला हात घातला. कान उघडायच्या बाजूला फिरला, आणखी फिरला, फिरतच गेला. पूर्ण बंद होता. भाई मटकन खाली बसला आणि त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. योगिनी रडायला लागली.

सहदेवने डोळे उघडले. गाल चोळत, रुसल्यासारखा म्हणाला, "कित्याक मारलंस गो? किती बरा वाटत होता."

पुढचं सांगायचं तर, मशीन परत पेटीत गेली. किनाऱ्याला लागल्यावर भाई पुन्हापुन्हा सांगत होता, की मशीनचा दोष नाही, चूक त्याची, उद्यापासून प्रत्येक गोष्ट तो स्वतः हाताने तपासणार. चंद्रावती त्याच्याशी भांडायला पदर खोचून उभी राहिली होती. त्याची गरज पडली नाही. सहदेवच म्हणाला, "भाई, धूर खाल्लो तर माका ओकारी येता. पाणी गेला तर ठसको लागता. हेच्यात माका भिया सुद्धा वाटाक नाय रे. मी मरत होतंय आणि माका बरा वाटत होता. असल्या मशीनीत मी बसाचंय नाय." योगिनीनेही मान हलवली. तिचं काम पुढे गोव्याच्या दोघा शिकलेल्या पाणबुड्यांनी पुरं केलं, आणि ते पाण्याच्या काठाशी बसून कुणाशी न बोलता, एकेक कान पिळून बघत, कंटाळवाणेपणे कागद वाचायचे. सहदेव कॉम्प्रेसरवरच राहिला, पण उथळ पाण्यात आणि थोडा वेळ. पुढे किल्ल्यापाशी पर्यटक यायला लागले तेव्हा तो त्यांना तोंडात नळी धरून मासे बघायला शिकवू लागला.

पण त्या दुपारी वाळूत जे बोलणं झालं ते सांगायचं राहिलं.

भाई पेटी घेऊन गेला. बंदरावरची माणसं पांगली. आणि चंद्रावती, जी भर बाजारात चार पुरुषांना पुरून उरायची, ती होडीच्या सावलीत वाळूत बसून मोठ्याने रडायला लागली. सहदेवला काय करावं सुचेना. शिवीला उत्तर देणं त्याला येत होतं, ह्याला काय देणार? तो नुसता बाजूला बसून राहिला.

"मी पण म्हटलंय," ती हुंदक्यांतून म्हणाली. "सगळ्यांबरोबर मी पण व्हय म्हटलंय. मी बघूक नाय तो कान. न बघताच म्हटलंय."

"माका ऐकाक इला," सहदेव म्हणाला.

"मगे? तू तरी बघूचा होतंस!"

सहदेव वाळूत बोट फिरवू लागला.

"बघणार होतंय," तो म्हणाला. "हात बाटल्याकडे नेयत होतंय. तितक्यात तुजो आवाज इलो. माका वाटला, चंद्रावती व्हय म्हणता म्हणजे आता बघूक नको."

चंद्रावतीचं रडणं थांबलं. तिने त्याचा हात धरला, आणि घरी पोचेपर्यंत, सगळ्या दांडीच्या देखत, सोडला नाही.